सासूबाईंच्या वर्तणुकीचा दाखला

"व्हिसा म्हणजे तरी काय? अर्जच ना शेवटी," हेडक्लार्क बायकोला म्हणाले. "अर्जांतच अठरा वर्षं गेली माझी. आईंना सांग, बॅगेतले कपडे खुशाल कपाटात लावा."

अर्ज अजून हाताने लिहीत, तेव्हाची ही गोष्ट. हेडक्लार्क शाळेच्या ऑफिसात होते आणि गल्लीत त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. बायको नर्स, परदेशातून लग्न होऊन आलेली. वडील गेल्यापासून तिची आई तिकडे चौथ्या मजल्यावर एकटीच राहायची. आता ती तीन महिन्यांसाठी पाहुणी म्हणून आली होती, आठ महिन्यांच्या नातीत रमली होती, आणि मुदतीचे उरले होते एकवीस दिवस. लेक कॅलेंडरकडे बघायची आणि भांडी जरा जोरातच घासायची.

पाहुण्यांची मुदत वाढवावी, तर जेमतेम एक महिना मिळणार. कायम राहायचं तर 'अवलंबून असलेले पालक' हा व्हिसा, आणि त्याला जावयाचं पत्र हवं. पत्र म्हटल्यावर हेडक्लार्कांना कोण हुरूप! मुलांना वर्तणुकीचे दाखले लिहून त्यांचा हात असा बसला होता, की पेन टेकलं की पुढचं आपोआप उमटायचं.

'अर्जदार बाईंना मी जवळून ओळखतो. त्या उद्योगी, वक्तशीर व पूर्णपणे स्वावलंबी असून त्यांना कोणाच्याही मदतीची गरज भासत नाही. त्यांच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नाही.'

शाळेचा शिक्का मारायचा मोह त्यांनी कसाबसा आवरला. सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं, तर त्यांचे डोळेच भरून आले. "जावईबापू, माझ्या सख्ख्या आईनंही माझं एवढं कौतुक केलं नव्हतं." बायको ड्यूटीवर होती. पत्र पोस्टात पडलं.

आठवड्याने व्हिसा कार्यालयातून बोलावणं आलं. पत्राची नक्कल बायकोच्या हाती लागली ती थेट तिथल्या जिन्याखाली.

"अहो, अवलंबून आहे म्हणून ठेवायचंय ना तिला? हे वाचून तर कोणीही तिला नोकरी देईल."

"दाखल्यात वाईट कसं लिहायचं? एकाही मुलाचं लिहिलं नाही मी."

बायकोने कपाळाला हात लावला आणि आईकडे वळली. "आई, आत गेल्यावर जरा हळू चाल. थोडी कण्हत जा."

"का? मला काय झालंय?"

"काही झालं नाही, तेच तर दुखणं आहे."

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. सासूबाई नातीला कडेवर घेऊन वर पोचल्या तेव्हा हेडक्लार्क फाइल छातीशी धरून दुसऱ्या मजल्यावर श्वास मोजत होते.

अधिकारी बाईंनी चष्मा लावला. "आजी, गुडघे दुखतात का?"

लेकीने आईला हळूच चिमटा काढला.

"चिमटे काय काढतेस?" आजी म्हणाल्या. "नाही हो बाई. गुडघे यांचे दुखतात," आणि त्यांनी जावयाकडे बोट केलं.

"तिकडे तुमच्याकडे बघायला कोण आहे?"

"मीच बघते की शेजारच्या दोघींकडे. एकीला औषध देते, दुसरीचा बाजार आणते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. आपलाही काही उपयोग दिसावा म्हणून हेडक्लार्कांनी तिला घेतलं. घेतलं म्हणजे, हजेरीपट उचलावा तसं दोन्ही तळव्यांवर आडवं. तिने असा सूर लावला, की शेजारच्या खोलीतले दोघं बघायला आले. सासूबाईंनी बोलता बोलता, न बघताच तिला परत घेतलं. ती गप्प.

बाई हे सगळं पाहत होत्या. "आजी यायच्या आधी, तुमची रात्रीची ड्यूटी असली की हिला कोण सांभाळायचं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"हेच."

"कसं?"

बायको बाळाचं टोपडं सारखं करायला लागली. उत्तर सासूबाईंनी दिलं. "मी आले त्या दिवशी पोरीचे दोन्ही पाय पायजम्याच्या एकाच पायात होते. आणि हे बाटलीचं झाकण न काढताच दूध पाजत होते. वर म्हणाले, हिला भूकच लागत नाही."

बाईंनी खालच्या खणातून एक पिवळट अर्ज काढला. "हा फारसा कोणी मागत नाही. आई नोकरीवर आणि घरातला दुसरा मोठा माणूस मूल सांभाळायला असमर्थ असेल, तर मदतीला एक नातेवाईक राहू शकतो."

"असमर्थ?" हेडक्लार्क ताठ झाले. "आठशे मुलांचं रेकॉर्ड मी एकटा सांभाळतो."

"रेकॉर्ड रडत नाही," बाई म्हणाल्या.

सासूबाई उठल्या. "राहू दे बाई. जावईबापूंना कमीपणा आणून मला नाही राहायचं. घर आहे माझं तिकडे."

 बायकोने आईच्या पिशवीचा बंद मुठीत धरला. अशा मुठी हेडक्लार्कांनी दर वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकापाशी पाहिल्या होत्या. तेव्हा ते नजर वळवून आत जायचे. आज जायला आतली खोली नव्हती.

ते खाकरले. "लिहा, असमर्थ. पत्र मी देतो लिहून."

"तुम्ही नको," तिघी एकदम म्हणाल्या.

पत्र बायकोने लिहिलं. कच्चा मसुदा नाही, कुठे खाडाखोड नाही. तीन कागद भरले, तिने चौथा मागितला. हेडक्लार्कांनी सगळं वाचलं. चूक शोधली. सापडली नाही. सही केली.

नवव्या दिवशी उत्तर आलं. सासूबाईंना राहायची परवानगी होती. बायको आईच्या गळ्यात पडून आधी रडली, मग हसत सुटली. हेडक्लार्क मात्र नियमाप्रमाणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले. हा व्हिसा एरवी एक वर्षाचा, असं तिथे छापलं होतं. असमर्थ व्यक्तीत सुधारणा झाली की तो रद्द होतो. त्याखाली बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'प्रत्यक्ष पाहिले. सुधारणेची शक्यता नाही. मुदत दहा वर्षे.'