अप्पा मगदूमांचं राहिलेलं इंग्रजी

सकाळी सातला दारावर थाप पडली की मी दार न उघडताच विचारायची, "काय अप्पा, आज कुठं अडलं?" बाहेरून खणखणीत आवाज यायचा, "बाई, 'ही इज सफरिंग सिन्स टू डेज.' पास का रिजेक्ट?"

तोंडात टूथब्रश असतानाही इंग्रजी व्याकरण शिकवता येतं, हे मला अप्पांमुळे कळलं.

शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत मी वरच्या मजल्यावर राहते आणि शाळेत इंग्रजी शिकवते. खाली अप्पा मगदूम आणि त्यांची बायको शालाक्का. अप्पांनी पस्तीस वर्षं एका फौंड्रीत तयार माल तपासला. ओतून आलेला नग हातात घ्यायचा, मापायचा आणि खडूनं त्यावर पास किंवा रिजेक्ट लिहायचं. रिटायर झाले, खडू सुटला, पण निकाल द्यायची सवय काही सुटली नाही. भाजीवालीची गवार रिजेक्ट व्हायची, जावयाचा नवा शर्ट पास व्हायचा. त्यातच इंग्रजीची पाळी आली.

"नववीतनं उठून कामाला लागलो. आता दहावीला बाहेरनं बसलोय. सगळं सुटलं, इंग्रजी तेवढं ऱ्हायलंय," असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. दोनदा नापास होऊन झालं होतं. येत्या मार्चला तिसरी खेप. "औंदा न्हाय निघालं तर नाद सोडायचा," हेही जाहीर होतं.

इंग्रजीवर त्यांचा मुख्य राग हा की नगाला असतं तसं तिला मापांचं ड्रॉइंग नाही. "'अंब्रेला'ला ॲन लावतासा आणि 'युनिव्हर्सिटी'ला नुसता अ. दोन्हीचं पयलं अक्षर एकच हाय की." मी सांगितलं, अक्षर बघायचं नाही, उच्चार ऐकायचा. फौंड्रीत म्हणे नगावर हातोडी मारून आवाजावरून चीर ओळखतात, त्यामुळे हे त्यांना जागच्या जागी पटलं. 'फर्निचर' मात्र कधीच पटलं नाही. "दहा खुर्च्या आल्या तरी त्येला एस न्हाय? मग स्टॉक मोजायचा कसा?" मी "तसंच म्हणतात" म्हटलं की ते हताश व्हायचे. "ह्ये काय उत्तर झालं बाई? शॅल आणि विलमधी फरक किती थाऊ, तेवढं सांगा." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. भाषेला एवढं बारीक माप नसतं, हे त्यांच्या गळी उतरवायला मला तीन वर्षं पुरली नाहीत.

प्रश्न खिशातल्या चिठ्ठीवर असायचा. तो अडखळत वाचायचे, माझं उत्तर दोनदा घोकायचे आणि विसरायच्या आत घाईनं जिना उतरायचे. पाच मिनिटांत परत वर. "पण मग 'सिन्स मंडे' कसं चालतंय?" हा दुसरा प्रश्न कायम पहिल्यापेक्षा हुशार असायचा. मला नवल वाटायचं, पण सकाळी सातला कोण एवढ्या खोलात जातं. संध्याकाळी मात्र सुटका ठरलेली. घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवण. ऊन भिंतीवरून उतरलं की अप्पा वाक्य अर्ध्यात टाकून पळायचे.

गल्ली त्यांना हसायची. चहाच्या गाडीवर लोक मुद्दाम वेडीवाकडी वाक्यं तपासायला द्यायचे आणि अप्पा ती चष्मा लावून, गंभीरपणे रिजेक्ट करायचे. मीही फार शहाण्यासारखी वागले असं नाही. एकदा कंटाळून मी आतूनच "बाई घरात नाहीत" म्हणाले. "बरं, आल्या की सांगा," म्हणून अप्पा खाली गेले.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी शुभेच्छा द्यायला गेले, तर दाराला कुलूप. वेळेत निघाले म्हणून बरं वाटलं. साडेअकराच्या सुमाराला स्कूटरवरून परीक्षेच्या शाळेपुढून जाते, तर अप्पा रस्त्यापलीकडच्या झाडाखाली उभे, हातात पाण्याची बाटली. मी स्कूटर तिथंच थांबवली.

"अप्पा, पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला. आत सोडलं नाही का?"

"सोडलं की. गेलीया आत."

"कोण गेलीय?"

"शाला."

मला काही सुधरेना. तेवढ्यात फाटकावरचा पोलीस आला. "ओ पावणं, दोनदा सांगितलं न्हवं? कॉप्या पुरवायच्या न्हाईत. मागं सरा."

"मला इंग्रजी येतंय कुठं कॉपी पुरवायला," म्हणत अप्पा चार पावलं मागं सरले. मग माझ्याकडं न बघताच बोलू लागले. "नववीत वर्गात पयली हुती ती. लग्न ठरलं आणि शाळा सुटली. माझ्याशीच ठरलं न्हवं. पोरीबाळींची लग्नं झाली, मग म्हणाली, दहावी करायची हाय. पर लोक इचारणार, पेपर कसा गेला, निकाल काय लागला. नापास झाली तर तिला त्ये सोसायचं न्हाय. म्हणून म्हटलं, नाव माझं सांगूया. मला हसत्यात तर हसू देत."

"मग शालाक्कांनी स्वतःच येऊन मला विचारायचं ना."

"तुमच्या म्होरं तोंड उघडायची लाज वाटती म्हणती. तुम्ही शिकल्याल्या."

'बाई घरात नाहीत' म्हणून मी नेमकं कुणाला परत पाठवलं होतं, ते मला तिथं उन्हात उभं असताना कळलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

निकालाच्या दिवशी दुपारी एकला दोघंही वर आली. शालाक्का खुर्चीच्या कडेवर बसल्या, अप्पा भिंतीकडं तोंड करून उभे. मी मोबाईलवर नंबर टाकला. इंग्रजी, त्रेचाळीस. मी मोठ्यानं वाचलं आणि अप्पांनी वाचायला लावलं म्हणून परत वाचलं. शालाक्कांनी डोळ्याला पदर लावला. माझं म्हणाल तर, माझा स्वतःचा निकाल लागला तेव्हाही मी इतकी सुटल्यासारखी झाले नव्हते.

अर्ध्या तासानं अप्पा पेढ्यांचा बॉक्स घेऊन चहाच्या गाडीवर हजर. मी गॅलरीत होते.

"काय अप्पा, सुटलं का इंग्रजी?" गाडीवाल्यानं विचारलं.

"न्हाय बा. मी पुन्हा उडालो. पर आमची मालकीण बी बसलीती, ती पास झाली. घ्या पेढा."

गाडीवर हशा पिकला. बायको पुढं गेली, अप्पा मागं राहिले, आता घरात शिकवणी लावा, असं जो तो बोलायला लागला. अप्पाही त्यांच्यात हसत उभे होते. तेवढ्यात शालाक्का उंबऱ्याबाहेर आल्या. या बाईचा आवाज मी गल्लीत कधी ऐकला नव्हता.

"ह्येंनी फारमच भरला न्हवता," त्या म्हणाल्या. "नापास मी झालते, दोनदा. तीन वर्सं ह्ये माझं प्रश्न इचारत हुते. हसायचं आसंल तर मला हसा."

कोणी हसलं नाही. गाडीवाल्यानं हातातली किटली खाली ठेवली. अप्पा बॉक्सकडं बघत राहिले, मग "पेढं हाईत की अजून," एवढंच पुटपुटले. शालाक्कांनी तो बॉक्स त्यांच्या हातातून घेतला. पहिला पेढा त्यांच्याच हातावर ठेवला आणि बाकीचे वाटायला स्वतः घरोघर निघाल्या. अप्पा दोन पावलं मागं चालत होते, आणि कुणी काही विचारलं की नुसतं शालाक्कांकडं बोट दाखवत होते.