सर्वांना आपली वाटणारी बाग

वासणा भागातल्या एका वसाहतीसमोरची बाग लोकांना आपली वाटत नाही, असे बागेच्या देखभाल समितीच्या लक्षात आले. कारण बागेत लोक होते.

समितीचे अध्यक्ष देवेंद्र चित्रे हे निवृत्त अभियंते. त्यांनी रविवारी सभा बोलावली. विषय एकच : बाग सर्वांचे स्वागत करणारी व्हावी, यासाठी अडथळे दूर करणे.

सर्वांत आधी बोलल्या निरुपमाबाई वैद्य. त्यांचे पती आनंदराव पक्षाघातातून नुकतेच सावरत होते. वॉकर धरून बागेत एक फेरी मारायची आणि बाकावर टेकायचे, एवढाच त्यांचा दिवस होता.

"आम्ही पोचतो तेव्हा बांधकामावरच्या बायका जेवून बाकांवर आडव्या झालेल्या असतात," निरुपमाबाई म्हणाल्या. "माझं त्यांच्याशी वैर नाही. पण बाक बसण्यासाठी असतो ना?"

मुद्दा बिनतोड होता. प्रत्येक बाकावर लोखंडी दांडे बसवण्यात आले. बायका गेल्या. आनंदरावांचे शरीर आता डावीकडे कलत असे. दांड्यांमध्ये ते मावेनात. ते बाकाशेजारी उभे राहून विश्रांती घेऊ लागले.

पुढच्या सभेत समितीचे सभासद दिनकररावांनी क्रिकेटचा चेंडू लागण्याची भीती व्यक्त केली. अजून लागला नव्हता. पण लागल्यावर सभा घेऊन काय उपयोग? मुलांचा खेळ बंद झाला. मग झुडपांआडच्या जोडप्यांमुळे कुटुंबांना संकोच वाटतो, असे निघाले. झुडपे काढली. जोडपी झाडांखाली सरकली, तेव्हा फांद्या छाटल्या. सावली गेल्यावर कुटुंबेही येईनाशी झाली, त्यामुळे कोणाला संकोच वाटण्याचा प्रश्न कायमचा सुटला.

शेवटी उरल्या गाई. त्यांना रोखण्यासाठी फाटक काढून वाकडी, अरुंद वाट करण्यात आली. तीतून गाय जात नव्हती. वॉकरही जात नव्हता.

"देवेंद्रभाई, यांना आत कसं न्यायचं?" निरुपमाबाईंनी विचारले.

"काकू, वाट कोणालाच अडवत नाही. काकांनी फक्त वॉकर बाहेर ठेवायचा."

"आणि चालायचं कशाच्या आधारानं?"

"तो विषय समितीच्या कक्षेत येत नाही."

आनंदरावांनी वाटेकडे पाहिले आणि "घरी," एवढेच म्हणाले. इस्पितळातही त्यांचा आवाज इतका पडलेला निरुपमाबाईंनी ऐकला नव्हता. त्या हट्टाने त्यांना फुटपाथवरून पुढे घेऊन निघाल्या.

कोपऱ्यावर कडुलिंबाखाली नयनाबेनची इस्त्रीची गाडी होती. झाड रस्त्याच्या हद्दीत असल्याने समितीच्या हातून वाचले होते. बागेतून उठलेले सगळे तिथे जमले होते. मुले भिंतीवर स्टंप आखून खेळत होती. एक जोडपे एकाच पुड्यातले शेंगदाणे खात होते. बांधकामावरच्या बायका फुटपाथच्या कट्ट्यावर भाकरीचे डबे उघडून बसल्या होत्या.

नयनाबेनने आपले स्टूल पुढे ओढले. "आवो काका, बेसो. तडको बहु छे."

उन्हाने दमलेले आनंदराव बसले. बायकांपैकी एकीने डबा बाजूला सारून निरुपमाबाईंना कट्ट्यावर जागा करून दिली. निरुपमाबाई बसल्या खऱ्या, पण तिच्याकडे मान वर करून पाहणे त्यांना बराच वेळ जमले नाही.

एवढ्यात एका मुलाच्या हातून चेंडू निसटला. "कॅच... सोडला!" आनंदराव म्हणाले आणि हसले. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसत होते. त्या दिवसापासून ते दुपारी तीनलाच चपला घालून दारात उभे राहू लागले.

इकडे शहरातल्या एका संस्थेचे परीक्षक बाग पाहून गेले. बाक कोरे, हिरवळ अस्पर्शित. आत एकही माणूस नाराज आढळला नाही. बागेला 'सर्वाधिक स्वागतशील उद्यान' हा पुरस्कार मिळाला.

त्याच आठवड्यात समितीकडे नवी तक्रार आली. कोपऱ्यावरच्या फुटपाथवर लोक तासन्‌तास बसतात, हसतात आणि एका घरचे असल्यासारखे वागतात. हे समोरच्या खिडकीतून पाहवत नाही. समितीने तातडीने फुटपाथही स्वागतशील करण्याचा ठराव केला. इस्त्रीची गाडी गुरुवारी हलवली. कट्ट्यावर खिळे ठोकण्याचे काम चालू आहे. आनंदराव घरीच असतात.

तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्यात आले आहे. तेव्हा आपण, वाचकहो, निर्धास्त असावे.