हिरवं आलं पाहिजे

काम एकदाच करून उठणं ही मानवजातीची सर्वांत मोठी चूक आहे, असं मानणारा एक पंथ दिल्लीत आहे. त्याला अनुयायी एकच: आमच्या सरकारी कार्यालयातले वानखेडे.

वानखेडे कुलूप लावतात, जिना उतरतात, परत चढून तेच कुलूप पुन्हा लावू पाहतात. लागलेलं कुलूप पुन्हा लागत नाही, याचा त्यांना रोज नव्यानं आनंद होतो.

हे त्यांना कामातून जडलं. आमच्याकडे दोनशे सर्व्हर आहेत आणि प्रत्येकावर सेटिंगची एक फाइल. तिच्यातली एखादी ओळ सगळीकडे बदलायची झाली, की वानखेडे एक स्क्रिप्ट लिहितात: अमुक नमुन्याची ओळ शोध, तिच्या जागी ही लिही; नमुना सापडलाच नाही तर ही ओळ तळाला जोड. बदल झाला की पडद्यावर पिवळी अक्षरं येतात. बदलायला काही उरलंच नसेल तर हिरवी. बाकीचे पिवळं पाहून चहाला जातात. वानखेडे स्क्रिप्ट पुन्हा चालवतात.

"वानखेडे जी, हो तो गया!" शेजारचा मल्होत्रा वैतागतो.

"हो गया. अब दोबारा चलाने पर कुछ न हो, तब मानूँगा."

एकदा मल्होत्रानं स्वतःच नमुना लिहिला. पण त्याची नवी ओळ त्याच्याच नमुन्यात बसत नव्हती. स्क्रिप्टला ती कधी सापडेना, म्हणून रोज रात्री आपोआप चालताना ती तळाला आणखी एक जोडत गेली. आठवडाभरात फाइलला हातभर शेपूट फुटलं आणि हजेरीचं यंत्र बंद पडलं. वानखेडे रागावले नाहीत. "बिचारीला आधीचं दिसतच नाही," मला म्हणाले. "तिच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच."

स्क्रिप्टबद्दल इतक्या मायेनं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मागच्या रविवारी बायकोनं दिलेलं लोणचं घेऊन मी त्यांच्या आर. के. पुरममधल्या क्वार्टरवर गेलो. त्यांच्या आई पोहे खात होत्या.

"सुधीर, तुझे बाबा आले नाहीत रे ऑफिसातून?"

"बस लेट आहे, आई."

"बरं." त्यांनी पुढचा घास घेतला.

पाच मिनिटांनी तोच प्रश्न आला, तेच उत्तर गेलं. आवाजात तसूभरही फरक नाही. वानखेड्यांच्या वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली. अंत्ययात्रेला मी होतो. मी वानखेड्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो.

"खरं सांगून का टाकत नाही?"

"सांगितलं ना. चार वेळा." ते गॅसवरच्या दुधाकडे बघत होते. "चारही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. मग उत्तर बदललं. गाडी पंक्चर झालीय म्हटलं, तर खिडकीत जाऊन उभी राहायची, जेवायची नाही. बसचं सांगितलं की बरं म्हणते, आणि खाते."

बाहेरून हाक आली. "सुधीर, तुझे बाबा आले नाहीत रे?"

"बस लेट आहे, आई."

"बरं."

वानखेड्यांनी थोडा वेळ कानोसा घेतला. बशीवर चमचा वाजला.

"हिरवं," ते म्हणाले, आणि त्यांनी गॅस बंद केला. मग तो बंद झालाय का ते पुन्हा पाहिलं.

त्यांच्या वडिलांची स्कूटर अजून जिन्याखाली उभी आहे. वडील ऑफिसला बसनं कधीच गेले नव्हते.