सुभेदारांच्या कपाळावरची पट्टी

"फौज सुटली, पर पहारा न्हाई सुटला. आपल्याला झोपच न्हाई!" सुभेदार नाथाजी हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

तासगावजवळच्या आपल्या बेदाण्याच्या शेडवर ते रोज रात्री राखणीला जात, सोबत बायको राहीबाई. पण मुलाला, राजवर्धनला, शंका होती. "आबा, तुमचं घोरनं रस्त्यापातुर येतंय. दुसरा गडी ठिवू." म्हाताऱ्याचं काळीज चरकलं. पहारा गेला तर उरलं काय? पेन्शन आणि खाट!

शेवटी सांगलीत शिकणाऱ्या नातीनं, संयोगितानं, एक पट्टी आणली. ती मेंदूच्या लहरी टिपते आणि माणूस कधी जागा, कधी अर्धवट झोपेत, कधी गाढ, ते मोबाइलवर दाखवते. "दवाखान्यात डोकंभर वायरी लावतात, आबा. हा त्याचाच सोपा प्रकार. फक्त रात्रभर कपाळावरून काढायची नाही." नाथाजी पट्टी बांधून पदक मिळाल्यासारखे शेडवर गेले.

सकाळी मोबाइल उघडला, तर रात्रभर जागे! गाढ झोप नावालाही नाही. सुभेदारांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी शेजारच्या सयाजीला बोलावलं, अर्ध्या गल्लीला चहा पाजला. "बघ रं गड्या, यंत्र खोटं बोलत न्हाई!"

"चुकलो, आबा," राजवर्धन म्हणाला. "राखण तुमचीच."

"पन पट्टी माज्या डोक्यावर हुती," राहीबाई कप विसळता विसळता म्हणाल्या.

चहा पिणारे थांबले.

"तुमी पडल्या पडल्या घोराय लागला, पट्टी निसटली. पोरगी म्हनली हुती, काढायची न्हाई. आन तुमीच सांगता न्हवं, पहाऱ्याची जागा मोकळी ठिवायची न्हाई, एक पडला तर दुसऱ्यानं उभं ऱ्हायचं. म्हून मी घातली, आन तुमी उठायच्या येळंला परत तुमच्या कपाळावर सरकवली."

हशा पिकला. संयोगिता मात्र हसली नाही. "आज्जी, तू रात्रभर जागीच असतेस?"

"ह्यांचं घोरनं मधीच थांबतंय गं. श्वासच ऐकू येत न्हाई. परत सुरू हुईस्तवर माजा जीव थाऱ्यावर नसतो. मग हलवती जरा. वरीस झालं."

आता कुणीच हसेना. राजवर्धन सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावायला उठला. नाथाजी बायकोच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत राहिले. एवढी वर्षं सरहद्द राखली, पण घरातला हा पहारा त्यांना कधी दिसलाच नव्हता. त्यांनी हळूच विचारलं,

"म्हंजी तू मला राखतीस... मग बेदान्याकडं कोन बघतं?"

"कोनबी न्हाई," राहीबाई म्हणाल्या.