वाळत घातलेला युरोप

“विश्वास तर तुमचा बसणारच नाही, पण आपल्या रत्नागिरीत एकदा अख्खा युरोप वाळत घातला होता,” ओटीवर माणसं जमलेली बघून भिकाजीआजोबांनी सुरुवात केली. नात चिमा शेजारीच शाईने निबंध उतरवत बसली होती. तिने मानही वर केली नाही.

गोष्ट आत्मारामची. पोरगा मॅट्रिकच्या वर्गात. गणितात वाघ, पण जगाच्या अर्वाचीन इतिहासात कोण कुणाशी कशापायी लढलं, याचा डोक्यात नुसता काला. सोमवारी इन्स्पेक्टर साहेब तोंडी परीक्षा घेणार होते. म्हणून रावजी मास्तरांनी शाळेतला युरोपचा एकुलता एक नकाशा शनिवारी त्याला घरी दिला आणि बजावलं, “ओरखडा जरी आला, तरी मॅट्रिकला बसू देणार नाही!”

आत्माराम नकाशा पडवीत ठेवून विहिरीवर आंघोळीला गेला. परत येतो तर अंगणात नकाशा उलगडलेला, आणि येसूआत्या त्यावर खोबरेल चोळून साठाचा, म्हणजे आंबापोळीचा, रस थापतेय.

“आत्ये! हे काय केलंस?”

“ओरडतोस कशाला, मेल्या? साठं घालायला ताटं नाय पुरली. हे कापड बरं गुळगुळीत आहे.”

“अगो, तो युरोप आहे!”

“असू दे. वाळला की देईन परत.”

ओला रस खरवडला तर रंगही जायचा, म्हणून वाट बघणं आलं. सोमवारी सकाळी साठ सोललं, तर कापड पांढरंफटक आणि झाडून सगळे देश साठावर! त्यात कोंबडीने मधोमध टोचून भोक पाडलेलं. ऑस्ट्रिया-हंगेरी गडप.

आता काय करणार? आत्मारामने साठच गुंडाळून नेलं आणि वर्गात टांगलं. मास्तरांना आधी वास आला, मग उमज पडला, आणि ते मटकन खुर्चीत बसले. तेवढ्यात साहेब आत आले.

“इंग्लंड दाखव.”

आत्मारामने डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. ते चिकटलं. खोकल्याचं निमित्त करून त्याने ते सोडवून घेतलं.

“मास्तर, हा नकाशा महायुद्धाच्या आधीचा दिसतो,” साहेब कडाडले. “ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य केव्हाच मोडलं, आणि तुमच्याकडे ते अजून...” त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. तिथे भोक.

“आम्ही काढून टाकलं, साहेब,” आत्माराम कसाबसा म्हणाला.

“शाबास! एवढी दक्षता मुंबईतसुद्धा पाहिली नाही!” नवा नकाशा मंजूर करून साहेब निघून गेले.

मास्तरांनी टाकलेला सुस्कारा पार भगवती बंदरावर ऐकू गेला म्हणे. मग वर्गाने युरोप वाटून खाल्ला. इंग्लंडला मात्र मास्तरांनी कुणाला हात लावू दिला नाही. नोकरी सरकारी होती.

ओटीवर हशा पिकला. चिमाने वहीवरचा, ओली शाई टिपलेला टीपकागद उचलून आजोबांच्या नाकासमोर धरला.

“आजोबा, हे बघा, छाप उलटी पडते. मग तुमचं इंग्लंड डाव्या कोपऱ्यात कसं राहिलं?”