कशाच्या मानाने

हे लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात लग्नपत्रिका आणि रजेचा अर्ज यापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि अर्जसुद्धा वडील सिन्नरच्या कारखान्यातल्या एका क्लार्ककडून लिहून घ्यायचे. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला. खरं तर सरांवर तृप्तीताईंनी लिहायला हवं होतं. आमच्या प्रयोगशाळेत त्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी. पण त्या म्हणाल्या, "मला नाही जमणार. तू लिही. वाईट झालं तरी चालेल."

सर असते तर लगेच म्हणाले असते, "वाईट? कशाच्या मानाने?"

आमच्या डॉ. खैरनार सरांचं हे वाक्य अख्ख्या विद्यापीठाला पाठ होतं. आज फार उकडतंय म्हटलं, की कशाच्या मानाने? चहा फक्कड झालाय म्हटलं, की कशाच्या मानाने? त्यात खवचटपणा नसायचा. त्यांना खरोखर उत्तर हवं असायचं, आणि ते मिळेपर्यंत चष्म्यातून तुमच्याकडे बघत उभे राहायचे. निफाडला पुतण्याच्या लग्नात मुलीचे वडील हात जोडून विचारायला आले, "जेवण बरं होतं ना, पाव्हणं?" सर म्हणाले, "कशाच्या मानाने?" त्या गृहस्थाचा चेहराच उतरला. मुलाकडच्यांची काहीतरी तक्रार आहे असं समजून त्यांनी जिलबीचा घाणा पुन्हा लावला. शेवटी काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, मध्ये पडावं लागलं. "अहो, आवडलंय त्यांना. आवडलं नसतं तर एवढं विचारलंच नसतं."

या सवयीचं मूळ आमच्या कामात होतं. नाशिकमधली आमची प्रयोगशाळा कर्करोगावर संशोधन करणारी. 'कर्करोग संशोधन' म्हटलं की गावाकडे लोक फार मोठं काहीतरी समजतात. प्रत्यक्षात आम्ही बशीएवढ्या प्लेटमध्ये कर्करोगाच्या पेशी वाढवतो. एका प्लेटमध्ये औषध टाकतो, दुसऱ्या प्लेटमध्ये नुसतंच साधं द्रावण. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघतो. त्या साध्या प्लेटला कंट्रोल म्हणतात. औषधानं काही केलं का, हे त्या साध्या प्लेटशिवाय सांगताच येत नाही.

नवा आलेला प्रत्येक जण एकदा तरी एक चूक करतो. मीही केली. औषधाच्या प्लेटमधल्या पेशी मेल्या म्हणून धावत सरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "कंट्रोल कुठाय?"

"टाकून दिली, सर. तिच्यात काहीच झालं नव्हतं."

सर रागावले नाहीत. दुखावल्यासारखे झाले. "सांगळे," ते सगळ्यांशी आडनावानं आणि अहो-जाहो करूनच बोलायचे, "काहीच न होणं हेच तर तिचं काम होतं. ते तिनं केलं होतं. तुम्ही नाही केलंत."

त्यानंतर त्यांनी मला वर्षभर कंट्रोलच सांभाळायला दिली. आम्हा पोरांना औषधाच्या प्लेटचं आकर्षण, सरांचा सगळा जीव कंट्रोलवर. तिच्यातला पेशी वाढवायचा द्रव बदलायला ते रविवारीही स्कूटरवरून यायचे. म्हणायचे, "औषधाच्या प्लेटचं कौतुक करायला सगळं जग आहे. हिला आपल्याशिवाय कोण आहे?"

हे वेड ते घरीही घेऊन जायचे. गुडघे दुखायला लागले तेव्हा कुणीतरी एक आयुर्वेदिक तेल आणून दिलं. सरांनी काकूंना दोन सारख्या बाटल्या भरायला दिल्या. एकीत ते तेल, दुसरीत खोबरेल, त्यातही तेवढाच वास येईल असा कापूर घालून. कुठल्या बाटलीत काय, हे फक्त काकूंना माहीत. रोज संध्याकाळी काकू एका गुडघ्याला 'अ' चोळायच्या आणि एकाला 'ब'. महिन्यानंतर सरांनी जाहीर केलं की दोन्ही गुडघ्यांना सारखाच आराम आहे, म्हणजे गुण तेलाचा नाही, चोळण्याचा. काकू म्हणाल्या, "एवढं कळायला महिना लागला होय? मला आधीच सांगितलं असतं तर हात दुखेपर्यंत चोळलं नसतं."

आमचे पगारे मामा प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुतात. ते एकदा म्हणाले, "झाडाशी बोललं की झाड वाढतं." झालं. सरांनी खिडकीत मनी प्लांटच्या दोन बाटल्या ठेवल्या. मामांनी डावीकडच्याशी रोज बोलायचं, उजवीकडच्याशी एक शब्द नाही. मामा डावीकडच्याला घरच्या सगळ्या गोष्टी सांगायचे. पोराचं लग्न जमत नाही, सिडकोतला नळ, सगळं. दोन्ही झाडं सारखीच फोफावली. सर म्हणाले, "बघा, मामा, फरक नाही."

मामा फडक्यानं हात पुसत राहिले. मग म्हणाले, "सर, तुम्ही गेल्यावर मी त्या दुसऱ्याशी पण बोलायचो. लय एकटं वाटायचं ते. नुसतं ऐकत बसायचं बिचारं."

सरांनी कपाळाला हात लावला. "मामा, तुम्ही दया केलीत आणि माझा कंट्रोल बिघडवलात."

यानंतर कुणी भावनेच्या भरात काही करायला लागलं, की सर मनी प्लांटकडे बोट दाखवायचे.

मग सरांनाच कर्करोग झाला. स्वादुपिंडाचा.

आम्हाला त्यांनी ते असं सांगितलं, जसं एखादं यंत्र दुरुस्तीला न्यायचं आहे. मुंबईच्या एका हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. तिथं एका नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि सरांनी तिच्यात नाव घातलं. नेहमीचे उपचार सगळ्यांना सारखे. त्याच्या जोडीला रोज एक गोळी. निम्म्या लोकांच्या गोळीत नवं औषध, निम्म्यांच्या गोळीत काहीच नाही. दिसायला दोन्ही हुबेहूब. कुणाला कुठली, हे पेशंटला माहीत नाही आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

सर गोळ्यांची बाटली शर्टाच्या खिशात घेऊन प्रयोगशाळेत यायचे. जेवल्यावर आमच्यासमोरच एक घ्यायचे. बारीक पिवळी गोळी. त्यांचा शर्ट दिवसेंदिवस मोठा होत चालला होता, आणि आम्ही सगळे त्या खिशाकडे बघत असायचो.

एक दिवस तृप्तीताईंना राहवलं नाही. म्हणाल्या, "सर, एक गोळी द्या मला. कुटून विरघळवते, पेशींवर टाकते. दोन-तीन दिवसांत कळेल औषध आहे की नाही."

ते खरंच शक्य होतं. आमचं कामच ते. पेशी होत्या, प्लेट होत्या, सांभाळायला मी होतो. मी पुढे सरकलोसुद्धा.

"आणि कळल्यावर काय करायचं, आहेर?" सरांनी विचारलं. ताईंचं आडनाव आहेर.

"औषध नसलं तर सोडून द्या ना ती चाचणी. दुसरीकडे बघू. दिल्लीला बघू."

"आणि असलं तर?"

"असलं तर... असलं तर चांगलंच आहे."

"म्हणजे ज्याला साधी गोळी मिळाली तो उठून जाणार. मग माझ्या जागी कोण बसणार? सगळेच उठून गेले तर त्या औषधाचं काय ते कळणार कसं?" सरांनी श्वास घेतला. त्यांना बोलताना दम लागायचा. "साध्या प्लेटला पाय नसतात म्हणून आपलं चालतं, आहेर. माणसांना असतात. त्यांनी आपण होऊन बसून राहायला लागतं."

मामा कोपऱ्यातून म्हणाले, "सर, पण तुम्ही आमचे ना."

सरांनी नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. मामा बाहेर निघून गेले. ताई भांडी नसलेल्या बेसिनचा नळ सोडून उभ्या राहिल्या. सरांनी बाटली खिशात घातली, वरून दोनदा थोपटली आणि मला म्हणाले, "सांगळे, कंट्रोलचा द्रव बदलला का?"

पुढे त्यांना स्कूटर चालवता येईना. मी प्लेटचे फोटो घेऊन इंदिरानगरला त्यांच्या घरी जायचो. असाच एकदा बसलो होतो. काकू चहा घेऊन आल्या आणि टेबलावरच्या गोळीकडे बघत त्यांनी अगदी सहज विचारलं, "अहो, तुमची गोळी औषधाचीच आहे ना?"

मी मान खाली घातली. सर आता काय म्हणणार, ते मला माहीत होतं. पहिल्यांदा चाचणी म्हणजे काय ते समजावतील, मग निम्मे-निम्मे सांगतील, मग चष्म्यातून बघत उभे राहतील.

"औषधाचीच आहे," सर म्हणाले. "परवापासून बरं वाटतंय."

काकूंनी "हं" म्हटलं आणि आत गेल्या.

मी वाट बघितली. सरांनी फोटो हातात घेतले. उलटे धरले होते. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "दुखणं निघाल्यापासून नीट जेवली नव्हती ती. परवा बरं वाटतंय म्हटलं, तर काल दोन पोळ्या खाल्ल्या." आणि आमच्या कामाचं बोलायला लागले.

दाराबाहेर चपला घालताना मला जाणवलं, की सर 'बरं वाटतंय' म्हणाले तेव्हा त्यांना कुणीही विचारलं नव्हतं, कशाच्या मानाने. मीही नाही.

सर द्राक्षांचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास गेले. शेवटच्या गोळीपर्यंत त्यांनी एकही चुकवली नाही, असं काकू सांगत होत्या. गोळी कुठली होती, हे तेव्हाही कुणाला कळलं नाही. चाचणीतले सगळे पेशंट पूर्ण झाल्याशिवाय कुणाला कुठली गोळी, ते उघड करत नाहीत. अमरधाम स्मशानभूमीतून येताना तृप्तीताई रिक्षात एवढंच म्हणाल्या, "एक गोळी घ्यायला हवी होती मी." खिडकीतली दोन्ही झाडं मामांनी आपल्या घरी नेली.

आता मी सिन्नरच्या एका कॉलेजात शिकवतो. पोरांना कंट्रोलपासूनच शिकवायला सुरुवात करतो. गेल्या आठवड्यात तास संपवून एसटी स्टँडवर उभा होतो आणि काकूंचा फोन आला.

"सांगळे, जेवलास का?" हे त्यांचं नेहमीचं. मग म्हणाल्या, "मुंबईहून फोन आला होता. संपली म्हणे ती चाचणी. यांची गोळी साधी होती."

गाड्यांचा आवाज फार होता, पण मला ऐकू आलं होतं. मी म्हणालो, "काकू, सर तुम्हाला म्हणाले होते की..."

"माहीत आहे काय म्हणाले होते. चाळीस वर्षांत मला एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही या माणसानं, आणि त्या दिवशी एका दमात दिलं. तेव्हाच कळलं मला, की यांना काही माहीत नाही." मग म्हणाल्या, "अरे, अ आणि ब मीच भरायचे ना बाटल्यांत. माहीत नसलेला माणूस कसा दिसतो, ते मला रोज दिसायचं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"त्या रात्री परत जेवले ना मी दोन पोळ्या. ते बघत होते माझ्या ताटाकडे."

सिन्नर-नाशिक गाडी लागली, भरली, निघून गेली. मी तसाच फोन धरून उभा होतो.

"आणि ऐक," काकू म्हणाल्या, "औषध चांगलं निघालंय म्हणे. ती फोनवरची मुलगी सांगत होती, लोकांना बराच गुण आला. मी सवयीनं विचारून बसले तिला, कशाच्या मानाने?"

"मग?"

"गप्पच झाली बिचारी. मग माझं मलाच कळलं. यांच्या मानाने."