मोटारवाला गुडघा

तपासणीच्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता मीटरवाले सायकलवर बसले होते, सायकल दारासमोर स्टँडवर उभी होती आणि त्यांचा मेव्हणा मागच्या चाकाशी उकिडवा बसून इंजिनाला कान लावून होता.

"मारा पायडल! आणखी जोरात! हां, आता सोडा क्लच!"

मीटरवाल्यांनी क्लच सोडला. त्याबरोबर पायडल इतके जड झाले की त्यांच्या कपाळावरची शीर टरारली. दातओठ खाऊन त्यांनी ते तीनदा फिरवले. इंजिनाने घशातल्या घशात कसलासा आवाज काढला आणि मान टाकली.

"लागता लागता राहिली!" मेव्हणा खुशीत म्हणाला.

गेले सहा आठवडे ती लागता लागताच राहत होती.

मीटरवाले पाणीखात्यात नोकरीला. चोवीस वर्षे लोकांच्या दारातल्या खड्ड्यांत वाकून पाण्याचे मीटर वाचण्यात गेली आणि त्या ऊठबशीत उजवा गुडघा कामातून गेला. जिना चढताना तो कुरकुरायचा, उतरताना बोंब मारायचा. कचेरीतल्या एका खुर्चीवर त्यांचा फार दिवस डोळा होता. खिडकीशेजारची, पंख्याखालची, पाठीला गादी असलेली. तिच्यावरचे कारकून महिनाअखेर निवृत्त होणार होते. साहेबांनी सांगून टाकले होते, "खात्याच्या डॉक्टरबाईंचा दाखला आणा, खुर्ची तुमची." ती तपासणी आज साडेदहाला होती. आज हुकली की खुर्ची दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीखाली जाणार.

अर्ज मेव्हण्याने लिहिला होता. आपल्याला येत नाही अशी गोष्ट जगात आहे, हे त्या माणसाला कोणी सांगितलेच नव्हते. त्याने लिहिले, 'गुडघ्याच्या असह्य वेदनांमुळे अर्जदारास सायकल चालविणे अशक्य झाले असून नाइलाजाने तिला मोटार बसवावी लागली आहे.'

"अरे, पण मी कुठं बसवलीय मोटार?" मीटरवाल्यांनी विचारले होते.

"मग बसवू की! पुरावा नको?"

पुढच्याच सुट्टीला मेव्हणा एक खोके घेऊन हजर झाला. सायकलच्या दांड्यांमध्ये त्याने इंजिन बसवले, वर टाकी ठेवली, हँडलला क्लच लावला. क्लच दाबला की इंजिन चाकापासून सुटते आणि सायकल सायकलीसारखी चालते. सोडला की इंजिन चाकाला धरते. नट काही केल्या बसेनात, तेव्हा शेवटी सगळे वेल्डिंग करून आणले. "आता तुमच्या नातवापर्यंत बघायला नको," तो म्हणाला.

खोक्यातल्या कागदावर हे सगळे चार ओळींचे काम होते. पेट्रोलचा कॉक उघडा, चोक ओढा, क्लच दाबून पायडल मारा, वेग आला की क्लच सोडा. मीटरवाले रोज कामावर जाण्याआधी तासभर आणि आल्यावर तासभर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत क्लच सोडत राहिले. शेजारचे ड्रायव्हरकाका आठवडाभर गॅलरीतून बघत होते. शेवटी त्यांना राहवले नाही.

"अशी नाही लागायची ती. उतारावर न्या. तीस वर्षं बस चालवलीय मी."

उतार दोन गल्ल्या पलीकडे होता. पण उतारावरून खाली यायला आधी वर जावे लागते, हे काकांनी सांगितले नव्हते. मीटरवाले सायकल ढकलत चढ चढायचे, वरून क्लच सोडायचे आणि इंजिन चाक असे करकचून धरायचे की उतारावरही पायडल मारूनच खाली यावे लागे. असे दिवसातून आठ-दहा वेळा. मग प्लग काढून पुसून झाला. मग कोणीतरी म्हणाले, प्लग गरम करून बसवा.

"अहो, तुमचं ते लोखंड गॅसवरून उचला," स्वयंपाकघरातून बायको ओरडली होती. "मला दूध तापवायचंय. नाहीतर मी दूधच घालते तुमच्या टाकीत, पेट्रोलनं काय उजेड पाडलाय ते बघितलंच."

आता मात्र नऊ वाजून गेले होते. मीटरवाले घामाने थबथबले होते. हातांना फोड आले होते, पोटरीवर कशाचा तरी ओरखडा होता, आणि कमर धरली होती.

"रिक्षा करा आणि जा गुपचूप," बायको म्हणाली.

"ताई, असं कसं?" मेव्हणा म्हणाला. "रिक्षातून उतरले की डॉक्टरीणबाई विचारणार, मोटार कुठाय? अर्जात लिहिलंय आपण! खोटा अर्ज म्हणजे नोकरीवर गदा. चला भाऊजी, वाटेत लागेल ती."

"आणि तू?"

"मी कॅरिअरवर बसतो. चालत्या इंजिनाचा आवाज मागून ऐकायला कोणीतरी हवं ना!"

तर मीटरवाले निघाले. सात किलोमीटर, मागे मेव्हणा. मीटरवाल्यांनी क्लच जरा जास्त वेळ दाबून ठेवला, की पाठीवर थाप पडे, "सोडा, सोडा! आत्ता वेग आहे!" ते सोडत, पायडल जड होई आणि ते उभे राहून ते रेटत. पुलाच्या मध्यावर इंजिन एकदाच, अगदी स्पष्ट, "फट्" म्हणाले. दोघांचेही डोळे भरून आले. त्यानंतर इंजिन काहीच बोलले नाही.

ठरले असे होते की दवाखान्याच्या अलीकडे उतरायचे, सायकल हातात धरायची आणि लंगडत आत शिरायचे. पण दवाखाना टेकाडावर, आणि घड्याळात साडेदहाला दोन मिनिटे कमी. उतरून ढकलत बसले असते तर वेळ टळली असती. मीटरवाल्यांनी शेवटचा जोर लावला, मेव्हण्यासकट चढ चढून थेट फाटकातून आत आले आणि वर बघतात तो डॉक्टरबाई खिडकीत उभ्या.

जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढून ते खोलीत पोचले, तेव्हा लंगडायचे राहून गेल्याचे त्यांच्या लक्षात आले.

"तो चढ तुम्ही डबलसीट चढलात?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"मोटार आहे तिला, बाई."

"बंद होती की."

"ती... सुरू होत नाही."

"झोपा इथं. कोणता गुडघा?"

मीटरवाल्यांना आठवावे लागले. चोवीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच अवघड गेला. अर्जात उजवा होता, म्हणून त्यांनी उजवा दाखवला. डॉक्टरबाईंनी तो वाकवला, ताणला, दाबला, मग मांडीला टेप लावून माप घेतले.

"इथं दुखतं?"

मीटरवाल्यांनी दुखण्याची वाट पाहिली. त्यांनी अगदी मनापासून वाट पाहिली. पण दुखणे आले नाही. हाताचे फोड, कमर आणि मोटारीची काळजी या गडबडीत गुडघा कधी बरा झाला हे त्यांना कळलेच नव्हते. खिडकीशेजारची खुर्ची त्यांच्या डोळ्यांपुढून हळूहळू सरकत दूर गेली आणि त्यांना खरोखर रडू आले.

"दुखायचं हो," ते कसेबसे म्हणाले. "शप्पथ सांगतो, फार दुखायचं."

"व्यायाम कुठला करता?"

"व्यायाम नाही. मोटार सुरू करतो. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर."

"जड पायडल?"

"फार जड."

"वा!" डॉक्टरबाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "मी पेशंटना ओरडून सांगते, मांडीचे स्नायू घट्ट करा, गुडघा आपोआप सुधारेल. एक ऐकत नाही. या वयात असा गुडघा मी बघितला नव्हता." आणि त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले, 'फिरतीच्या कामास उत्तम.' "अभिनंदन! पण सोडू नका हं. सोडलंत तर तीन महिन्यांत दुखणं जसंच्या तसं परत येईल."

मीटरवाल्यांनी डोळे पुसले.

"नक्की येईल?"

"अगदी नक्की."

"मग... पुन्हा तपासायला कधी येता येतं?"

"तीन महिन्यांनी. का?"

मीटरवाल्यांनी मनात हिशेब केला. कोपऱ्यातल्या टेबलावरचे कारकून चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. खिडकी नव्हती, गादी नव्हती, पण खुर्ची होती. फक्त तोवर पाय हलवायचे नाहीत. मोटार सुरू झाली पाहिजे. ते धडाधड जिना उतरून खाली आले.

"मिळाली खुर्ची?" मेव्हण्याने विचारले. तो सायकलपाशी मातीत बसला होता.

"ती मोटार सुरू कर आधी! आत्ताच्या आत्ता!"

"भाऊजी, जरा वाईट बातमी आहे. मी म्हटलं तेवढ्यात क्लच घट्ट करू, तर तारच तुटली."

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन चाकाला धरूनच राहिलंय. आता ते सुटायचं नाही. काढावं म्हटलं, तर वेल्डिंग केलंय आपण."

"बरं, पण मग सुरू तरी होईल का?"

"पायडल मारत राहिलं तर कधीतरी होईलच की," मेव्हणा म्हणाला आणि कॅरिअरवर बसला.

मीटरवाले सायकलवर चढले. त्यांनी पायडलवर पाय ठेवला, उभे राहून सगळा भार टाकला, तेव्हा कुठे ते अर्धे फिरले. उतारावरही मारावेच लागले. पुलावर इंजिन 'फट्' सुद्धा म्हणाले नाही. सात किलोमीटरना दीड तास लागला, आणि घरी पोचेपर्यंत गुडघा आणखी थोडा सुधारला होता.